बेचिराख : शब्दातला दिवा आणि शब्दातली राख

मराठी भाषेत नाशाच्या शब्दांची वाण कधीच पडलेली नाही. उद्ध्वस्त, नामशेष, वाताहत, धूळधाण, सत्यानाश, बट्ट्याबोळ अशी ही यादी हवी तेवढी लांबवता येईल. एवढ्यानेही भागले नाही म्हणून की काय, १४ जानेवारी १७६१ रोजी ज्या गावाजवळ मराठ्यांचा मोड झाला त्या गावाचे नावच आपण सामान्यनाम करून टाकले, आणि आता परीक्षेत नापास झालेल्या मुलाचेही ‘पानिपत’ होते. या गर्दीतून एकच शब्द आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत. तो शब्द ‘बेचिराख’. हाच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या एका शब्दाच्या पोटात महाराष्ट्रातील खेड्यांचा तीनचारशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आणि आज आपण त्याचा जो अर्थ करतो तो त्याच्या मूळ चित्राच्या जवळजवळ उलट आहे.

प्रथम आजचा अर्थ पाहू. आगीत झोपडपट्टी बेचिराख झाली, बॉम्बवर्षावात शहर बेचिराख झाले, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. बेचिराख म्हणजे काय, असे कोणाही सुशिक्षित गृहस्थास विचारले तर ‘जळून राख झालेले’ असे तो तत्काळ सांगेल. राख तर शब्दात ढळढळीत बसलेली आहे. मग शंका घ्यायची कशाला? परंतु शब्दाची फोड करू लागलो की अडचण उभी राहते. शेवटची ‘राख’ बाजूला काढली तर मागे ‘बेचि’ उरते, आणि या ‘बेचि’ला मराठीत काही अर्थ नाही. उलट बाजूने पाहिले तर ‘बे’ हा आपल्या चांगल्या ओळखीचा उपसर्ग आहे. बेइमान, बेफिकीर, बेवारस, बेसुमार या सर्व शब्दांत तो आहे, आणि त्याचा अर्थ ‘वाचून’, ‘विना’ असा आहे. ज्यास इमान नाही तो बेइमान, ज्यास वारस नाही ते बेवारस. म्हणजे ‘बे’च्या पुढे जे येते ते नसलेले असते. या न्यायाने बेचिराख म्हणजे ज्यास ‘चिराख’ नाही ते. राखेचा येथे काही संबंध असलाच, तर ती नाही असेच म्हणावे लागेल!

आता चिराख म्हणजे काय? हा मूळचा फारसी ‘चिराग’. चिराग म्हणजे दिवा. या फारसी शब्दाच्या शेवटचा ग आपल्या ग सारखा नाही. तो घशातून, किंचित घासून उच्चारायचा असतो. मराठी जिभेला तो वर्ण अपरिचित, म्हणून तो कधी ग झाला तर कधी ख झाला. ‘बाग’ या शब्दात त्याचा साधा ग झाला. परंतु ‘दिमाग’ या शब्दाचे काय झाले पाहा. अरबीतून फारसीत आलेला, मेंदू किंवा डोके या अर्थाचा हा शब्द मराठीत येऊन ‘दिमाख’ झाला, आणि डोक्याचा अर्थ सोडून डोक्यात शिरलेला तोरा दाखवू लागला. दिमागाचा दिमाख झाला त्याच वाटेने चिरागाचा चिराख झाला. तेव्हा या ‘ख’साठी राखेची मदत घेण्याचे कारणच नाही. ‘बेचिराग’ आणि ‘बेचिराख’ ही दोन्ही रूपे मराठीत वावरली आहेत. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द फारसी म्हणून नोंदला आहे. आणि माधव जूलियन या नावाने कविता लिहिणारे माधवराव पटवर्धन यांचा १९२५ साली निघालेला फारसी-मराठी कोश ज्यांच्या घरी असेल, त्यांना ‘चिराग’ तेथे पाहता येईल.

तात्पर्य, बेचिराख म्हणजे ‘दिव्यावाचून असलेले’. आपण या शब्दात आग पाहतो. पण तो मुळात अंधाराचा शब्द आहे. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. तेथील घरे जळालेली असतील किंवा धडधाकट उभी असतील. शब्दाला त्याची चौकशी नाही. दिवा लावणारे माणूस आहे की नाही, एवढेच तो विचारतो.

दिव्यावरून वस्ती ओळखण्याची ही रीत आपल्याकडे परकी नव्हती. गाव केवढे आहे हे सांगताना आपण ‘शंभर उंबऱ्यांचे गाव’ म्हणतो. सबंध घराला जेवायला बोलावले तर ते आमंत्रण ‘चूलबंद’. उंबरा आणि चूल या जशा आपल्या घरमोजणीच्या खुणा, तसाच दिवा. सांजवेळेला आपण दिवेलागणीची वेळ म्हणतो. ज्या घरात मूलबाळ नाही त्या घराविषयी जुनी माणसे हळहळून म्हणत, ‘पुढे दिवा लावायला कोणी नाही.’ मुलाला वंशाचा दिवा म्हणण्याची चाल तर आपण अजून सोडलेली नाही. दिवा विझवला असे म्हणणे ज्यांच्या जिवावर येते आणि म्हणून जे ‘दिवा मालवला’, ‘दिवा शांत झाला’ असे बोलतात, त्या लोकांना ‘बेचिराग’ या परक्या शब्दातील घाव समजावून सांगण्याची गरज पडली नसेल. शब्द फारसी होता, पण त्यातील दुःख घरचेच होते.

हा शब्द आला मात्र कवींच्या हातून नव्हे. तो आला दफ्तराच्या वाटेने. बहमनी राजवटीपासून दक्षिणेच्या जमाखर्चात आणि हुकुमांत फारसीने ठाण मांडले होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या मराठी पत्रांतील शब्दांची मोजदाद करून दाखवले की, १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४.४ होते, १६७७ च्या पत्रात ते शेकडा ६२.७ झाले आणि १७२८ च्या पत्रात शेकडा ९३.७. या फरकामागे मराठी राज्य आणि शिवछत्रपतींनी करवून घेतलेला ‘राज्यव्यवहारकोश’ ही दोन्ही होती. तथापि गाव, जमीन आणि वसूल यांच्या कागदांतील पुष्कळ फारसी शब्द तेवढ्याने हलले नाहीत. कुलकर्ण्याच्या बोरूत ते मुरले होते. ‘बेचिराग’ हा त्यांपैकीच एक.

दफ्तरात त्याचा अर्थ नेमका होता. तो समजण्यासाठी आपल्या खेड्याची जुनी विभागणी ध्यानात घेतली पाहिजे. खेडे म्हणजे एक पांढरी आणि एक काळी. घरे जिच्यावर उभी असतात ती गावठाणाची जागा पांढरी. पिकाची जमीन काळी. दुष्काळाने, स्वारीने किंवा साथीने पांढरी ओस पडली, तरी काळी जागच्या जागी राहते. तिच्या सीमा राहतात, तिचे नाव राहते, शेजारच्या गावचे लोक येऊन तिच्यात नांगरही धरू शकतात. कागदात त्या गावाचे नाव खोडायचे नसते. ते लिहायचे आणि पुढे ‘बेचिराग’ असा शेरा मारायचा. हा शेरा एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. पंजाब आणि हरियाणाकडील महसुली कागदांत आजही निर्मनुष्य मौजास ‘बेचिराग’ म्हणतात. विदर्भात अशाच ओसाड गावांना ‘रीठ’ किंवा ‘रिठी’ गाव म्हणतात. म्हणजे गाव मेले असा याचा अर्थ नव्हे. गाव आहे, त्यात सध्या दिवा नाही, इतकेच.

त्याच्या भावंडांकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. ‘परागंदा’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ विखुरलेला, पांगलेला. कुणबी परागंदा होतो आणि गाव बेचिराग होते. एकाच घटनेची ही दोन टोके आहेत. ‘वैराण’ हा फारसी ‘वीरान’. त्यातही आपल्या कानाला उगाच वैर ऐकू येते, जशी बेचिराखमध्ये राख ऐकू येते. ‘खराबा’ हा मूळ अरबी, आणि तो अजून सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून टिकून आहे. आपल्या घरचा संस्कृत ‘उद्वस’ आणि त्याच कुळीचा मानला जाणारा ‘ओस’ यांतही वसण्याचीच गोष्ट आहे, जळण्याची नाही. पांगणे, वसती उठणे, जमीन पडीक राहणे, दिवा न लागणे. आमच्या पूर्वजांनी नाश मोजला तो असा, माणसाच्या असण्यानसण्यावरून.

गाव बेचिराग होत असे ते कसे, याची दोन उदाहरणे एकाच सुमाराची देता येतील. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दक्षिण या प्रदेशांवर भयंकर दुष्काळ कोसळला. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३० साली सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. वाटेतील ओस गावे आणि रस्त्याकडेची प्रेते यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. शहाजहानच्या दरबारी इतिहासकारांनीही या दुष्काळाची नोंद केली. देहूच्या तुकोबांच्या संसाराची आणि व्यापाराची मोड याच दुष्काळात झाली. येथे कोणी गावांना चूड लावली नव्हती. पाऊस आला नाही, धान्य सरले, जनावरे मेली, आणि जे चालू शकत होते ते चालू लागले.

दुसरे उदाहरण पुण्याचे. त्याच सुमारास, १६३० च्या आसपास, शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे कसब्यावर आदिलशाही सरदार मुरार जगदेव चालून आला आणि त्याने कसबा जाळला. गाढवांचा नांगर फिरवला, लोखंडी पहार रोवली आणि तीवर फाटकी वहाण टांगली, असे जुन्या शकावलीत सांगितले आहे. येथे आग होती हे खरे. परंतु नुसते जाळणे मुरार जगदेवाला पुरेसे वाटले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. घरे पुन्हा बांधता येतात, हे त्यालाही ठाऊक होते. गाढवाचा नांगर आणि पहार यांचा हेतू, पुन्हा येथे येऊन कोणी वसू नये, हा होता. घरांपेक्षा वसण्याची इच्छा मारणे त्यास अधिक महत्त्वाचे वाटले.

आणि ती इच्छा मेली नाही. काही वर्षांतच जिजाबाई आणि बाल शिवाजी पुण्यास आले. शहाजीराजांचा कारभार पाहणाऱ्या दादोजी कोंडदेवांच्या हाताने जहागिरीची लावणी सुरू झाली. गाढवाच्या नांगराचा अपशकुन पुसण्यासाठी सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला पाठ आहे. ती अक्षरशः तशीच घडली की नाही, हा वाद येथे नको. त्या नांगराच्या मागे जी व्यवस्था उभी होती ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. ओस गावी येणाऱ्यास सरकार ‘कौल’ देई, म्हणजे अभयाचे आणि सवलतीचे लेखी वचन. जमिनीचा सारा एकदम न लावता पहिल्या वर्षी नाममात्र, मग दरसाल थोडा थोडा चढवीत नेऊन काही वर्षांनी पुऱ्या धाऱ्यास आणीत. यास ‘इस्तावा’ म्हणत. बैल, बियाणे यांसाठी तगाई मिळे. हे शब्द आज कोशातच राहिले आहेत, पण बेचिराग या शब्दाचा उतारा तेच होते.

यातील विचार किती सूक्ष्म होता हे पाहायचे असेल तर शिवछत्रपतींनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठवलेले पत्र पाहावे. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्या घरी माणसे आहेत पण बैल नाहीत त्यास बैलांसाठी रोख पैसा दे, पोटासाठी धान्य दे, आणि ते वसूल करताना वाढीदिढी न घेता फक्त मुद्दल, तेही त्याला ताकद येईल तसतसे घे, असा त्याचा आशय आहे. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च पडला तरी सरकार तो सोसण्यास तयार आहे, असेही त्यात आहे. ‘माणसे आहेत पण बैल नाहीत’ हा भेद ज्या राज्यकर्त्याला दिसतो, त्याला गाव कशाने ओस पडते आणि कशाने भरते हे कळले होते, असेच म्हटले पाहिजे.

गाव बेचिराग झाले तरी हक्क बेवारस होत नसत, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू. मिरासदार परागंदा झाला आणि पुष्कळ वर्षांनी तो किंवा त्याचा वंशज परतला, तर आपल्या जमिनीवर त्याला दावा सांगता येई. इंग्रजी अमलाच्या आरंभी दख्खनची पाहणी करणाऱ्या साइक्सला असे आढळले की, गावची जमीन ‘थळ’ या वाट्यांत विभागलेली असून प्रत्येक थळास मूळ वसाहत करणाऱ्या घराण्याचे नाव होते. जी घराणी निर्वंश झाली किंवा निघून गेली त्यांची जमीन ‘गतकुळी’ म्हणत. तिच्यावर दुसरेच लोक नांगर धरत. पण तिचे नाव मात्र गेलेल्या कुळाचेच चाले. माणूस गेला, त्याचा दिवा गेला, आणि तरी कुलकर्ण्याच्या वहीत त्याच्यासाठी एक ओळ राखून ठेवलेली होती!

आता असे कोणी समजू नये की, मराठी राज्यात गावे नुसती वसतच गेली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला; त्यानंतर पुणे प्रांतात जी लूट झाली, आणि तिच्या पाठोपाठ १८०३-०४ साली जो दुष्काळ आला, त्यांत असंख्य घरे बुडाली. खानदेशाची दैना तर त्याहून मोठी. फौजांच्या स्वाऱ्या, दुष्काळ, मग पेंढारी आणि अरब शिबंदी यांची लूट आणि भिल्लांशी चाललेले झगडे यांमुळे तापीकाठचा तो सुपीक मुलूख १८१८ पर्यंत ठिकठिकाणी जंगलात गेला. कॅप्टन ब्रिग्जच्या हाती खानदेश आला तेव्हा वसुलाच्या आधी त्याला वस्तीची काळजी करावी लागली. या सर्व नाशात आपलेच हात होते, हे इतिहास शिकताना विसरून चालणार नाही.

आणि इंग्रजांचे हातही कोरडे नव्हते. लढाई थांबली, पेंढारी गेले, तरी पुणे जिल्ह्यात गावे ओस पडणे थांबले नाही. १८२० नंतरच्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब बांधून सारा ठरवला. हिशेब विद्वत्तेचा होता, पण मोजणी सदोष आणि आकार जड. इंदापूरच्या बाजूस जमिनी पडल्या, कुणबी उठून निजामाच्या मुलखात जाऊ लागले. एक काडीही पेटली नव्हती. केवळ कागदावरच्या आकड्यांनी दिवे मालवत चालले होते. अखेर १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नवी जमाबंदी केली, सारा पुष्कळ उतरवला आणि तो ३० वर्षांसाठी कायम केला. जमिनी पुन्हा लागवडीस आल्या. हे त्यांनी दयेपोटी केले असे नव्हे. माणूस नसेल तर सारा कोणाकडून घ्यायचा, हे त्यांच्या ध्यानात आले. बेचिराग गावाचा तोटा सरकारलाही असतो, हा धडा आदिलशाहीपासून कंपनी सरकारपर्यंत प्रत्येक राज्यकर्त्याला नव्याने शिकावा लागलेला आहे.

असो. एवढ्या विवेचनावरून एक गोष्ट ध्यानात यावी. बेचिराग हा शेवटाचा शब्द नव्हता. तो एका स्थितीचा शब्द होता. आज दिवा नाही, उद्या लागेल, निदान लागावा, ही अपेक्षा त्या शेऱ्यातच होती. राखेचे तसे नाही. जळलेल्या लाकडाचे पुन्हा लाकूड होत नाही. म्हणून दिव्याच्या जागी राख आली तेव्हा नुसते शब्दाचे मूळ हरवले असे नव्हे, तर त्यातील आशाही हरवली.

ही अदलाबदल झाली कशी? एक तर, चिराग हा शब्द रोजच्या मराठीतून मागे पडला. दिवा, समई, पणती, कंदील यांपुढे तो टिकला नाही. मूळ शब्द डोळ्याआड झाला म्हणजे लोक त्या जागी ओळखीचा शब्द पाहू लागतात, हा सर्व भाषांतला अनुभव आहे. दुसरे, दफ्तरातली जुनी मोडी आणि फारसी शेरे गेले, त्यामुळे शब्दाचा नेमका महसुली अर्थ सांगणारा कोणी उरला नाही. आणि तिसरे म्हणजे विसाव्या शतकाने नाशाचे चित्रच बदलले. आकाशातून आग बरसवून शहरेच्या शहरे जाळता येतात हे जगाने पाहिले, आणि त्या दृश्याला साजेसा शब्द मराठीला हवा होता. राख आयतीच पोटात असलेला बेचिराख पुढे आला. ६ ऑगस्ट १९४५ च्या हिरोशिमाबद्दल लिहिताना मराठी लेखणीतून हाच शब्द सहज उतरतो. त्या शहराची राख झाली, यात अतिशयोक्ती नाही. पण त्याच हिरोशिमात ९ ऑगस्टला, म्हणजे तीनच दिवसांनी, ट्रामच्या मार्गाचा एक तुकडा पुन्हा सुरू झाला होता. नव्या अर्थाने हिरोशिमा पुरते बेचिराख झाले होते. जुन्या अर्थाने ते बेचिराग होण्यास तेथील माणसांनी नकार दिला.

मग आजचा अर्थ चूक म्हणायचा काय? आमचे मत तसे नाही. भाषा ही कोशकारांची मिरास नव्हे. लाखो लोक जो अर्थ समजतात तो अर्थ खरा, आणि कोणी बेचिराख लिहिले म्हणून त्याचा हात धरून बेचिराग लिहवण्याची आमची इच्छा नाही. आमचे म्हणणे एवढेच की, नवा अर्थ वापरताना जुन्या अर्थाने विचारलेला प्रश्न विसरू नये. राखेचा शब्द आपल्याला आग दाखवतो, आणि आग सर्वांनाच दिसते. तिच्या बातम्या होतात, तिच्यासाठी मदतनिधी निघतात. दिव्याचा शब्द जे दाखवी ते असे डोळ्यांत भरत नाही. ते हळूहळू, आवाज न करता घडते.

आपल्या कोकणातली घरे पाहा. कौले शाकारलेली, अंगण सारवलेले, दाराला कुलूप. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, दहा दिवस घर उजळते आणि पुन्हा कुलूप लागते. या घराला कोणी बेचिराख म्हणणार नाही, कारण त्याची एक वासाही जळलेली नाही. पण जुना कुलकर्णी वर्षाच्या इतर दिवशी तेथे संध्याकाळी आला असता, तर त्याने काय शेरा मारला असता? २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ६ लाख ४० हजार खेड्यांपैकी जवळजवळ ४३ हजार निर्मनुष्य आढळली. महाराष्ट्रातील अशा गावांची संख्या सुमारे २,७०० होती. त्यांतील कित्येक पिढ्यान्‌पिढ्या ओस आहेत, काही धरणांत गेली, काही नोकरीधंद्याच्या मागे रिकामी झाली. त्यांची नावे अजून यादीत आहेत. शब्द बदलला, पण शेरा तोच आहे.

इंदापूरचेच उदाहरण पुन्हा घेऊ. ज्या तालुक्यात १८३६ च्या जमाबंदीने जमिनी पुन्हा लागवडीस आल्या, त्याच तालुक्यातील भीमाकाठची गावे पुढे १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे वर दिसू लागते, आणि लोक ते पाहायला जातात. गाव मात्र आपले नाव बरोबर घेऊन वरच्या अंगाला जाऊन वसले. या धरणाने हजारो एकरांना पाणी दिले, हे खरेच आहे. पण ज्यांचे दिवे त्यासाठी मालवले गेले त्यांना नवा कौल कसा मिळाला, इस्तावा मिळाला की नुसते आश्वासन, हे विचारण्याचा हक्क आपल्याला जुना इतिहास देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली, त्यानंतर ५० हून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. तेथेही आग नव्हती. दगडमातीच्या भिंती होत्या. आणि तेथेही खरे काम ढिगारे उपसण्याचे नव्हते, तर जे वाचले त्यांना पुन्हा दिवा लावावासा वाटेल असे करण्याचे होते.

शेवटी राखेविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. जुन्या ओस गावांची पांढरी शेतकरी खणून नेतात आणि शेतात खत म्हणून टाकतात. ती माती पांढरट आणि कसदार का असते? शेकडो वर्षे त्या जागी मातीची घरे उभी राहिली आणि पडली, गुरे बांधली गेली, आणि रोज सकाळी चुलीतली राख तेथेच टाकली गेली, म्हणून. भीमेच्या खोऱ्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले, तेव्हा सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वी ओस पडलेल्या वस्तीच्या घरांत त्यांना चुली सापडल्या. म्हणजे मातीत राख सापडणे ही नाशाची खूण नव्हे. येथे माणसे राहत होती, रोज विस्तव पेटवून जेवत होती, याची ती साक्ष आहे. आगपेटी नव्हती तेव्हा घरची बाई रात्री निखारा राखेखाली झाकून ठेवी आणि सकाळी फुंकर घालून त्यावरच चूल पेटवी.

तेव्हा आपल्याला शब्दात राखच ठेवायची असेल तर ती अवश्य ठेवावी. फक्त कोणतेही गाव बेचिराख झाल्याचे वाचले की किती घरे जळाली एवढेच न विचारता, तेथे आज संध्याकाळी दिवा कोण लावणार आहे आणि त्याला तेल कोण देणार आहे, हेही विचारावे. जुन्या दफ्तरातला तो शेरा वाचणाऱ्याला हेच विचारीत होता.